भिंतीच्या आत आणि भिंतीच्या बाहेर: गव्हनच्या जुन्या पॅरिश चर्चचे प्रकरण

मार्च २०१९ मध्ये ग्लासगो शहराच्या गव्हन भागात, जुन्या चर्चच्या आवारात रहिवाशांना सोबत घेऊन उत्खनन चालू होते. हौसेने सामील झालेला १४ वर्षांचा एक शाळकरी मुलगा खाली काही आहे का म्हणून जमीन टोचून पाहत होता. एकदम कशाचा तरी आवाज आला. माती बाजूला केली तेव्हा कोरीव दगड दिसला. मग आणखी दोन निघाले. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांचे हे दगड १९७३ पासून बेपत्ता होते आणि ते कायमचे गेले असेच सगळे धरून चालले होते.

ही बातमी तेव्हा आनंदाची म्हणून जगभर गेली. मला मात्र तिच्यामागचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. एका पॅरिश चर्चच्या, म्हणजे ठरावीक वस्तीसाठीच्या स्थानिक चर्चच्या आवारातले मध्ययुगीन दगड, ज्यांची रीतसर नोंद झालेली होती, हरवले कसे? आणि त्याच ठिकाणचे ३१ दगड सुखरूप कसे राहिले? याचे उत्तर शोधताना त्या चर्चचा इतिहास, त्याची बांधणी आणि २००७ मध्ये त्याच्यावर आलेला कठीण प्रसंग, हे सगळेच उलगडावे लागते. सार्वजनिक इतिहासातल्या व्यक्तींचीच नावे इथे घेतली आहेत.

पार्श्वभूमी: नदीकाठची जागा

गव्हन क्लाइड नदीच्या दक्षिण काठावर आहे. आज ते ग्लासगोत मोडते, पण एके काळी त्याचा मान मोठा होता. ८७० मध्ये ओलाफ आणि इव्हार या व्हायकिंग सरदारांनी चार महिने वेढा घालून डम्बार्टनचा खडकावरचा किल्ला जिंकला. तिथून राज्य करणारे ब्रिटन लोक वेल्शला जवळची भाषा बोलत. त्यांचे केंद्र यानंतर नदीच्या वरच्या अंगाला सरकले आणि गव्हनच्या परिसरात स्थिरावले. स्ट्रॅथक्लाइडचे राज्य म्हणतात ते हेच. ते अकराव्या शतकापर्यंत टिकले. काठावर चर्च, समोर पलीकडच्या तीरावर पार्टिक, आणि चर्चजवळ डूमस्टर हिल नावाची मोठी टेकडी अशी या ठिकाणाची रचना होती. या टेकडीवर न्यायनिवाडे होत असावेत असे अभ्यासक मानतात. एकोणिसाव्या शतकात उद्योगांना जागा हवी होती, तेव्हा ती टेकडी नाहीशी झाली.

चर्च त्याहूनही जुने आहे. १९९४ ते १९९६ या काळात ग्लासगो विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी इथे उत्खनन केले, तेव्हा पाचव्या-सहाव्या शतकातली ख्रिस्ती दफने सापडली. म्हणजे दीड हजार वर्षे या एकाच जागी माणसे आपल्या माणसांना मातीच्या स्वाधीन करत आली. आवाराची गोलाकार हद्दसुद्धा त्या जुन्या काळाची खूण मानतात.

थडग्यांवरचे दगड या इतिहासाचे मुख्य साक्षीदार आहेत. जमिनीवर आडवे ठेवायचे क्रूस कोरलेले लांबट दगड संख्येने सर्वांत जास्त. उभे क्रूस आणि त्यांचे तुटके खांबही आहेत. एक अखंड वालुकाश्मात कोरलेली दगडी शवपेटी आहे. ती १८५५ मध्ये थडगे खणताना सापडली. तिच्या अंगावर घोड्यावर बसून हरणाची शिकार करणारा वीर आहे आणि बाकी जागा गुंतलेल्या वेलबुट्टीने भरली आहे. हे चर्च संत कॉन्स्टंटाइनच्या नावाचे, म्हणून ही पेटी त्याच्याशी जोडतात. याशिवाय ज्यांना हॉगबॅक म्हणतात असे पाच मोठे दगड आहेत. डुकराच्या पाठीसारखा मध्ये उंचावलेला आकार म्हणून हे नाव. जवळून पाहिले तर त्यावर छपराच्या फळ्यांसारखे थर कोरलेले दिसतात. व्हायकिंग लोकांच्या लांब घराचे ते दगडी रूप आहे, मेलेल्या माणसासाठी बांधलेले छप्पर. ब्रिटन राजांच्या चर्चमध्ये व्हायकिंग पद्धतीची थडगी कशी आली, यावर अभ्यासकांत अजून चर्चा चालते.

हे वर्णन वाचताना आपल्याकडच्या वीरगळांची आठवण होते. घोडेस्वार तिथेही असतो. गावच्या देवळाशेजारी उभे केलेले ते दगड कधी जीर्णोद्धारात पायरी होतात, कधी कठड्यात चिणले जातात, कधी त्यांना तैलरंग लागतो. गव्हनमध्येही वेगळे घडले नाही. सतराव्या-अठराव्या शतकात स्थानिक कुटुंबांनी हे जुने दगड आपल्या मृतांसाठी पुन्हा वापरले आणि त्यावर नावे, आद्याक्षरे कोरली. दहाव्या शतकाच्या नक्षीवर मधोमध एखाद्या गृहस्थाचे नाव ठाशीव अक्षरात दिसते तेव्हा आधी वाईट वाटते. मग लक्षात येते की या वापरामुळेच दगड जागेवर राहिला. ज्याला कुणी आपला मानते, त्याला कुणी फेकत नाही.

इमारत: १८८८ चे गव्हन ओल्ड

मध्ययुगीन चर्च १७६२ मध्ये पाडले गेले आणि नवे आले. १८२६ मध्ये त्याही जागी दुसरे बांधले. आज दिसते ते चर्च १८८४ ते १८८८ या काळातले. मधल्या काळात गव्हनचे रूप पार पालटले होते. नदीकाठी जहाजबांधणीचे कारखाने उभे राहिले, विणकरांचे खेडे पाहता पाहता शहर झाले. १८६४ मध्ये गव्हन स्वतंत्र बरो, म्हणजे स्वतःची नगरपालिका असलेले शहर बनले आणि १९१२ मध्ये ग्लासगोत विलीन होईपर्यंत तसेच राहिले.

जॉन मॅक्लाउड हे १८७५ पासून इथले पाळक, म्हणजे धर्मगुरू. जहाजाच्या पत्र्यांवर घण घालणाऱ्या कामगारांना पडकी-अंधारी जागा पुरेशी आहे, हे त्यांना मान्य नव्हते. देवाच्या घरात गरिबाला जे सौंदर्य दिसेल ते त्याला दुसरीकडे कुठे दिसणार, असा त्यांच्या कामाचा रोख होता. हे समजायला स्कॉटिश पॅरिश चर्चची घडण थोडी माहीत हवी. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडच्या चर्चमध्ये वेदी गेली, मूर्ती गेल्या, रंगीत काचा गेल्या. मधोमध प्रवचनाचे व्यासपीठ आले. ते अनेकदा लांब भिंतीच्या मध्यावर असे, म्हणजे शेवटच्या माणसालाही शब्द ऐकू जाई. तीन बाजूंनी बाके आणि गॅलऱ्या. नवीन चर्च बांधताना इंग्रजी टी अक्षराचा आराखडा लोकप्रिय झाला, तोही याच कारणाने. प्रभुभोजनाचे, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीचे मेज प्रसंगापुरते मांडले जाई. ऑर्गनसुद्धा १८६० च्या दशकापर्यंत चालत नसे. चर्च म्हणजे ऐकण्याची जागा, असा तो विचार होता. त्यातही एक खरेपणा आहे.

मॅक्लाउड यांना ऐकण्याबरोबर पाहण्याचीही जागा हवी होती. त्यांचे वास्तुविशारद होते रॉबर्ट रोवंड अँडरसन. एडिंबरातले मॅकइवन हॉल आणि स्कॉटिश नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी ही त्यांचीच कामे. त्यांनी काढलेला तोडगा मला फार शहाणपणाचा वाटतो. मध्ययुगात फ्रान्सिस्कन आणि डोमिनिकन भिक्षू शहरी गर्दीसमोर प्रवचने देत. त्यांची चर्चे रुंद आणि मोकळी असत. अँडरसन यांनी तोच नमुना घेतला. मधले दालन ऐसपैस, बाजूचे मार्ग अरुंद, फक्त ये-जा करण्यापुरते. खांबाआड कुणी बसत नाही, पाळक सगळ्यांना दिसतो, म्हणजे सुधारणावाद्यांची मागणी पूर्ण. पुढे कमानीपलीकडे खोल गाभारा आणि तिथे प्रभुभोजनाचे मेज कायमचे, म्हणजे मॅक्लाउड यांची मागणीही पूर्ण. शैली आरंभीच्या गॉथिकची. उंच अरुंद टोकदार खिडक्या, आत उघडा दगड, वर लाकडी छप्पर. चार्ल्स केम्प आणि इतर नामांकित कारखान्यांच्या रंगीत काचा पुढे बसत गेल्या. बाहेरून इमारत साधी दिसते, कारण योजलेला मनोरा आणि त्यावरचा उंच कळस कधी पुरा झालाच नाही. दारातून आत पाऊल टाकल्यावर मात्र उंची एकदम अंगावर येते.

या बांधकामात एक नोंद घेण्याजोगी गोष्ट झाली. १८२६ चे चर्च दगड दगड उतरवून जवळच गोल्सपी रस्त्यावर पुन्हा उभारले आणि दुसऱ्या मंडळीला, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या दुसऱ्या समूहाला दिले. पाडण्यापेक्षा हलवणे बरे, हा विचार त्या काळीही होता.

पहिला निर्णय: १९२६ आणि त्यातून राहिलेले

आवारातले दगड पाऊस, काजळी आणि पायांखाली झिजत होते. १८९९ मध्ये सर जॉन स्टर्लिंग मॅक्सवेल यांनी छायाचित्रांसह त्यांची नोंद छापून घेतली. या नोंदीने पुढे फार मोठे काम केले. त्या वेळी ४६ दगड माहीत होते. १९२६ मध्ये ते दगड चर्चच्या आत आणायचा निर्णय झाला. सगळे आत गेले नाहीत. उरलेले आवाराच्या भिंतीला टेकवून ठेवले गेले.

त्या काळी हा निर्णय चुकीचा वाटण्याचे कारण नव्हते. आत जागा मर्यादित, बाके मंडळीला हवीत, आणि भिंतीलगतचे दगडही चर्चच्याच हद्दीत. पण भिंतीपलीकडे हार्लंड अँड वुल्फ या जहाजबांधणी कंपनीची पत्रे कापण्या-वाकवण्याची शेड होती. १९७३ मध्ये ती पाडली गेली. पाडकामाचा ढिगारा भिंतीवरून अलीकडे आला आणि त्यात भिंतीला टेकलेले दगड राडारोडा समजून गेले. कुणाच्या मनात वाईट नव्हते. पाडणाऱ्याला हे दगड काय आहेत ते ठाऊक नव्हते आणि ठाऊक असणारा माणूस त्या दिवशी तिथे उभा नव्हता.

या प्रकरणाची गाठ मला इथे दिसते. आत नेलेल्या दगडांना छप्पर मिळाले, आणि छपराबरोबर रोज कुलूप उघडणारा, केर काढणारा, रविवारी त्यांच्याकडे पाहणारा माणूस मिळाला. बाहेरच्यांना यादीतला क्रमांक मिळाला. कारखाने बंद पडायला लागलेल्या, घरे पाडून वस्ती हलवली जाणाऱ्या १९७० च्या गव्हनमध्ये यादीतला क्रमांक पुरला नाही.

अडचण: २००७

गव्हन ओल्डच्या पाळकांत जॉर्ज मॅक्लाउड हे नाव सगळ्यांत गाजलेले. ते १९३० मध्ये, मंदीच्या ऐन काळात आले. बेकार कारागिरांना हाताशी धरून काम उभे करायचे ही त्यांची पद्धत. १९३८ मध्ये त्यांनी आयोना कम्युनिटी स्थापन केली आणि आयोना बेटावरच्या मठाच्या इमारती पुन्हा बांधायला घेतल्या. एका कामगारवस्तीच्या पॅरिशमधून निघालेली ही कल्पना स्कॉटिश ख्रिस्ती जीवनाला वेगळे वळण देऊन गेली.

पण वस्तीच पातळ होत गेली. कारखाने बंद, घरे पाडलेली, तरुण बाहेर. चर्च ऑफ स्कॉटलंडची सभासदसंख्या १९५० च्या दशकात १३ लाखांच्या वर होती. आज ती ३ लाखांच्याही खाली आहे. त्यात इमारती मात्र जास्त, आणि त्याचे कारण १८४३ मध्ये आहे. पाळक कुणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने, या प्रश्नावर त्या वर्षी चर्च फुटले आणि सुमारे एक तृतीयांश पाळक राष्ट्रीय चर्च सोडून फ्री चर्चमध्ये गेले. प्रत्येक गावात, प्रत्येक पेठेत दुसरे चर्च उभे राहिले. या फुटीचा धक्का मुंबईलाही बसला. डॉ. जॉन विल्सन आणि त्यांचे सहकारी फ्री चर्चच्या बाजूने गेले, तेव्हा नव्याने बांधलेली मिशनची इमारत त्यांना मागे सोडावी लागली. १९२९ मध्ये स्कॉटलंडमधले बहुतेक प्रवाह पुन्हा एकत्र आले. मने जुळली, पण चर्चची दुहेरी-तिहेरी संख्या तशीच राहिली.

२००७ मध्ये गव्हन ओल्ड, न्यू गव्हन आणि लिंटहाउस सेंट केनेथ या तीन मंडळ्या एक झाल्या. मंडळी एक, इमारती तीन. कुठे बसायचे?

त्यांनी गव्हन क्रॉस या चौकातली न्यू गव्हनची इमारत निवडली. एकोणिसाव्या शतकात फ्री चर्चसाठी बांधलेली, आकाराने आटोक्यातली, भुयारी रेल्वेच्या स्थानकाजवळची. दीड हजार वर्षांची जागा सोडून प्रतिस्पर्ध्याचे चर्च पत्करले, असे कुणी म्हणेल. मला तसे म्हणवत नाही. रविवारी येणारी म्हातारी माणसे रस्त्यावरून सहज आत येतील, जागा कमी खर्चात गरम होईल आणि छपराच्या दुरुस्तीत मंडळी बुडणार नाही, हे पाहणे पाळकाचे कामच आहे. मंडळीचे पहिले कर्तव्य माणसांशी असते. मात्र यामुळे वारसा म्हणून कायद्याने संरक्षित, अ श्रेणीत सूचिबद्ध असलेली एक प्रचंड इमारत आणि तिच्यातले ३१ दगड यांना नियमित वाली उरला नाही.

समोर असलेल्या वाटा

इमारत विकणे ही सगळ्यांत सरळ वाट होती. ग्लासगोत अशी उदाहरणे डोळ्यांसमोर होती. वेस्ट एंडमधल्या जुन्या केल्व्हिनसाइड पॅरिश चर्चमध्ये २००४ पासून ओरान मोर नावाचे मद्यगृह आणि कलाकेंद्र चालते. गव्हनला लागून असलेल्या इब्रॉक्समध्ये एका चर्चच्या आत गिर्यारोहणाच्या सरावाच्या भिंती उभारल्या होत्या. छप्पर टिकते, गळती थांबते, रोज माणसे येतात, आणि हे कमी नाही. पण गव्हनमध्ये विकत घेणारा येईल एवढी जमिनीला किंमत नव्हती. आणि दगडांचे काय?

दुसरी वाट, दगड संग्रहालयात हलवायचे. नदीपलीकडे केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालय आहे. तिथे तापमान, प्रकाश, पहारा सगळे चोख असते आणि लोकही भरपूर येतात. संवर्धनाच्या निव्वळ तांत्रिक बाजूने पाहिले तर या वाटेला तोड नाही. पण पाच हॉगबॅक एका दालनात ठेवले की ते शिल्प होतात. ज्या मातीत त्यांच्या खालची माणसे आहेत, तिच्यापासून काही पावलांवर ते असतात तेव्हा ते थडगे असतात. हा फरक पर्यटकाला कदाचित जाणवणार नाही, गव्हनच्या माणसाला जाणवतो. कारखाने गेले, टेकडी गेली, घरे गेली. उरलेला राजांचा वारसाही उचलून श्रीमंत काठावर नेला, तर त्या वस्तीकडे काय राहते?

तिसरी वाट कुणी ठरवून निवडत नाही, ती आपोआप निवडली जाते. कुलूप लावायचे आणि पुढे बघू म्हणायचे. रिकामे चर्च स्कॉटलंडच्या हवेत झपाट्याने खचते. एक पन्हळ तुंबली की पाणी भिंतीत मुरते, लाकूड कुजायला लागते, मग शिशाचा पत्रा चोरीला जातो, मग कबुतरे येतात.

चौथी वाट अवघड होती. इमारत वस्तीतल्याच न्यासाने हाती घ्यायची, दगड जागेवरच ठेवायचे, जमेल तेवढी उपासना चालू ठेवायची आणि बाकी जागेतून दुरुस्तीपुरते उत्पन्न काढायचे.

इथे कायद्याचाही एक मुद्दा आहे. स्कॉटलंडमध्ये उपासनेसाठी वापरात असलेल्या चर्चला सूचिबद्ध इमारतींच्या परवानगीतून सूट असते. वापर बदलला की ही सूट जाते आणि आतले साधे बाक हलवायलाही रीतसर संमती घ्यावी लागू शकते. म्हणजे पैसे नसलेल्या नव्या मालकाच्या वाट्याला जुन्या मालकापेक्षा जास्त नियम येतात. इमारतीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. न्यासाला मात्र प्रत्येक टप्प्यावर वेळ आणि तज्ज्ञ लागतात.

काय केले

चौथी वाट धरली गेली आणि गव्हन हेरिटेज ट्रस्ट या स्थानिक न्यासाने चर्चची जबाबदारी घेतली. हे शक्य झाले, कारण गव्हनमध्ये असे काम जमणारी माणसे आधीच तयार झाली होती. गव्हन वर्कस्पेस ही संस्था १९८० च्या दशकापासून रिकाम्या इमारती दुरुस्त करून छोट्या उद्योगांना भाड्याने देत होती. तिने फेअरफील्ड जहाजबांधणी कारखान्याची पडीक मुख्य कचेरीही हाती घेतली आणि २०१३ मध्ये ती दुरुस्त होऊन उघडली. तिच्यात भाड्याच्या जागा आणि जहाजबांधणीच्या इतिहासाचे दालन दोन्ही आहेत. म्हणजे चर्चचा प्रश्न आला तेव्हा कंत्राट कसे द्यावे, अनुदानाचा अर्ज कसा भरावा, जुन्या दगडाला कोणता चुना लागतो, हे ज्ञान याच रस्त्यावर उपलब्ध होते. एरवी वारसा वाचवण्याच्या गोष्टींत प्रेमाबद्दल फार बोलले जाते. कौशल्याबद्दल कमी बोलतात.

चर्चच्या आत दगडांची मांडणी नव्याने केली, प्रकाश असा सोडला की झिजलेली नक्षी सावलीतून वर यावी. विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ जोडीला होते. २०१४ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या मोठ्या व्हायकिंग प्रदर्शनासाठी एक हॉगबॅक लंडनला गेला आणि परत आपल्या जागी आला. आवारात रहिवाशांना, शाळकरी मुलांना हाताशी घेऊन सर्वेक्षण आणि उत्खनन झाले. २०१९ चे तीन दगड त्यातूनच निघाले.

परिणाम

दगड जागेवर आहेत. इमारत पडीक झाली नाही. पण अशा आकाराच्या चर्चची दुरुस्ती एकदा करून संपत नाही. छपराचा एक भाग होतो तोवर दुसऱ्या बाजूचा दगड सुटायला लागतो, आणि प्रत्येक टप्प्याला नव्याने निधी उभा करावा लागतो.

तीन हरवलेले दगड परत मिळाले हा परिणाम मी वेगळा मोजतो. ते मिळाले कारण तज्ज्ञांनी वस्तीला खोदायला बोलावले. आणि सापडल्यावर ते काय आहेत हे सांगता आले, कारण १८९९ ची छायाचित्रे होती. एकशेवीस वर्षांपूर्वी कुणीतरी चिखलात कॅमेरा रोवून केलेले काम असे उपयोगी पडले.

वेगळे काय करता आले असते

१९२६ मध्ये उरलेल्या दगडांवर साधी पत्र्याची पडवी उभारली असती, तरी ते वाचले असते असे मला वाटते. पडवीखाली ठेवलेल्या वस्तूला कुणी राडारोडा समजत नाही. निदान भिंतीपलीकडच्या कारखान्याला लेखी कळवता आले असते. शेजाऱ्याला आपल्या हद्दीत काय आहे ते सांगून ठेवणे, यात खर्च काहीच नव्हता. आपल्याकडे गावागावांत वीरगळांची नोंद घेत फिरणाऱ्या तरुणांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. फोटो काढून नकाशावर खूण केली की अर्धेच काम झाले. उरलेले अर्धे म्हणजे ज्याचा ट्रॅक्टर किंवा जेसीबी त्या बाजूने जाणार आहे, त्याच्याशी बोलणे.

१९७३ नंतर लगेच शोध घ्यायला हवा होता. ढिगारा ताजा असताना, पाडकाम करणारे कामगार गव्हनमध्येच राहत असताना. भिंतीलगतची माती उपसून पाहण्याचा प्रयत्न चार दशकांहून अधिक काळ झाला नाही, कारण गेलेले गेले असे सर्वांनी मनाशी ठरवले होते. दगड सहजासहजी नष्ट होत नाही, हे खरे तर दगड जपणाऱ्यांना आधी सुचायला हवे.

२००७ बद्दल माझे मत थोडे बदलत गेले. आधी वाटायचे की मंडळीने चर्च सोडायलाच नको होते. आता वाटते की सोडणे अटळ होते, पण सोडण्याआधी पुढचा धनी ठरवायला हवा होता. एकत्रीकरणाच्या चर्चेत मंडळी, पाळक, पैसा या सगळ्यांसाठी रकाने असतात. दीड हजार वर्षांच्या दफनभूमीसाठी रकाना नसतो. तो असता तर न्यास, विद्यापीठ आणि नगरपालिका पहिल्या बैठकीलाच मेजाभोवती असत्या.

अजून एक गोष्ट. मनोरा झाला नाही याची खंत जुन्या वर्णनांत दिसते. मला उलट बरे वाटते. जपायला एक उंच कळस कमी आहे.

सध्याची स्थिती

मध्ययुगात गव्हन पॅरिश नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेला होता. पार्टिकची माणसे पाणी ओलांडून या चर्चला येत. पुढे शतकानुशतके नावा चालल्या. १९६० च्या दशकात क्लाइडखालचा बोगदा उघडला, नावा बंद झाल्या आणि समोर दिसणारा काठ गव्हनकरांना दूर झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये गव्हन आणि पार्टिक यांना जोडणारा पादचारी आणि सायकलींचा पूल सुरू झाला. तो गव्हनच्या बाजूला जिथे उतरतो तिथून चर्च जवळच आहे. आता पार्टिकहून निघालेले माणूस पायी नदी ओलांडून हॉगबॅकसमोर येऊन उभे राहते. १९७३ मध्ये गेलेल्यांपैकी डझनभर दगड अजून सापडायचे आहेत.